दारापर्यंत चालत गेलेली शाळा : नूतन बालशिक्षण संघाची शंभर वर्षे

नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ साली भावनगरला झाली. त्या काळी लहान मुलाचे शिक्षण म्हणजे सहाव्या-सातव्या वर्षी हातात पाटी देऊन त्याला मास्तरांच्या हवाली करणे, एवढीच बहुतेक घरांची समजूत होती. त्याआधीची वर्षे घराची, नंतरची शाळेची; दोघांनी एकमेकांच्या कामात पडायचे नाही. संघाने शंभर वर्षांत ही वाटणीच मोडून काढली. मूल शाळेत येते तेव्हा त्याचे घरही बरोबर येते. त्याची भूक येते, कडेवरचे भावंड येते, राखायची गुरे येतात, आईच्या मजुरीची वेळ येते. यातल्या एकेका गोष्टीपायी मूल शाळेबाहेर राहताना दिसले, तेव्हा संघाच्या कार्यकर्त्यांनी त्या घराला दोष दिला नाही. त्या अडचणीला पुरी पडेल अशी शाळा त्यांनी उभी केली. भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड या चार मुक्कामांचा हा इतिहास त्याच धाग्याने वाचायला हवा.

१९२६ ते १९३५ : भावनगरची टेकडी

संघाच्या मुळाशी एका वकिलाने वडील म्हणून घेतलेला शोध आहे. गिजुभाई बधेका वकिली करत होते. मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या विचाराने ते बालशिक्षणावरची पुस्तके वाचू लागले आणि त्यात मारिया मॉन्टेसरी यांचे विचार त्यांच्या हाती लागले. पुढे वकिली सुटली. नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. दोन वर्षांनी तख्तेश्वरच्या टेकडीवर बालमंदिराची स्वतंत्र इमारत झाली, तिचे उद्घाटन कस्तुरबांच्या हस्ते झाले.

ताराबाई मोडक तेथे १९२३ च्या सुमारास आल्या. मुंबईच्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातली ही मुलगी १९१४ साली बी.ए. झाली होती. अमरावतीचा संसार मागे पडला होता, लहान मुलीची जबाबदारी एकटीवर होती, आणि राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद हाती होते. पगाराची, मानाची ती जागा सोडून त्या गिजुभाईंच्या बालमंदिरात रुजू झाल्या. सरकारी प्राचार्यपद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये जाऊन बसणारी पदवीधर बाई त्या काळात किती जणांना समजली असेल, हा प्रश्नच आहे.

या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून १९२६ मध्ये संघ उभा केला. भावनगरातले प्रयोग एका गावापुरते राहू नयेत, शिक्षक तयार व्हावेत, संमेलने भरावीत, पुस्तके निघावीत, हा हेतू. या सगळ्या खटाटोपात पालकाला पहिल्यापासून जागा होती. ‘शिक्षण पत्रिका’ आधी गुजरातीत निघाली आणि १९३३ पासून मराठीतही निघू लागली. शिक्षकांइतकीच ती आईबापांसाठी होती. मुलाला का मारू नये, मूल हट्ट का करते, त्याला भीती घालून जेवायला बसवल्याने काय होते, असे विषय तिच्यात घरगुती भाषेत येत. गिजुभाईंचे आईबापांसाठीचे लेखन गुजरातीत आजही वाचले जाते. लोक त्यांना ‘मुछाळी माँ’ म्हणत, आणि त्या नावातच त्यांच्या कामाची पावती होती.

मॉन्टेसरींचे पहिले बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत, त्यांच्या राहत्या चाळीतच उघडले होते. आईने मुलाला स्वच्छ करून पाठवायचे आणि आठवड्यातून एकदा येऊन संचालिकेशी बोलायचे, असा तेथे नियमच होता. पद्धत जगभर पसरता पसरता तिची साधने महाग झाली, शाळा सुखवस्तू घरांच्या झाल्या आणि हा मूळ भाग मागे राहिला. आपल्याकडे तो पुन्हा पुढे आला तो संघामुळे. त्याला मात्र अजून वीस वर्षे लागायची होती.

१९३६ ते १९४५ : दादरचे शिशुविहार

ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि त्याच्या जोडीला शिक्षिकांसाठी अध्यापनवर्ग, अशी त्याची घडण होती. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत तेव्हा नोकरदार मध्यमवर्ग राहायला येत होता. एकत्र कुटुंब गावाकडे राहिलेले, दोन खोल्यांत नवरा-बायको आणि मुले, सल्ला द्यायला घरात वडीलधारे कोणी नाही. अशा तरुण आयांना शिशुविहार आधाराचे ठिकाण वाटले. मूल शाळेत काय करते हे पाहायला त्या येत, शिक्षिकांशी बोलत. मुलाने स्वतःच्या हाताने बटण लावले, पेला न सांडता पाणी ओतले, याचे कौतुक घरापर्यंत जाई.

२३ जून १९३९ रोजी गिजुभाई गेले. संघाचा मोठा आधार त्यांच्याबरोबर गेला आणि कामाची सगळी धुरा ताराबाईंकडे आली. याच वर्षी मॉन्टेसरी भारतात आल्या. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि मद्रासच्या अड्यारहून त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले. देशभर मॉन्टेसरी हा शब्द एकदम प्रतिष्ठेचा झाला.

ताराबाईंचे मन मात्र दुसरीकडे ओढ घेत होते. गांधीजींच्या नई तालीमची चर्चा जोरात होती. देशातली बहुसंख्य मुले खेड्यात आहेत आणि त्यांच्यासाठी संघाने काहीच केलेले नाही, ही खंत त्यांना लागली होती. शिशुविहार नीट चालले होते, दादरात नाव झाले होते. वयाची पन्नाशी उलटल्यावर, जमलेला व्याप सहकाऱ्यांवर सोपवून त्यांनी खेड्याची वाट धरली. संघाच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा निर्णय आहे.

१९४५ ते १९५६ : बोर्डी आणि अंगणवाडी

बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव. गोखले एज्युकेशन सोसायटीची शाळा तेथे १९२० पासून होती आणि आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक गावात आणि आदिवासी पाड्यांत सेवेचे काम करत होते. संघाचे ग्राम बालशिक्षण केंद्र १९४५ मध्ये तेथे निघाले.

ते वर्ष त्या मुलखाच्या इतिहासातही मोठे होते. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारली आदिवासींची परिषद भरली. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव झाला, ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला. लग्नाच्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारात राबत होते. अशा घरात मुलाच्या शिक्षणाचा विचार कोठून येणार? किसान सभेची वाट वेगळी, संघाची वेगळी. पण ज्यांच्यासाठी दोघांनी आपापले काम मांडले ती माणसे एकच होती.

ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. मोरगावात जन्म, तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. शिक्षिकेची नोकरी, पुण्यात हुजूरपागेत शिकवता शिकवता रात्रशाळेतून मॅट्रिक, असा त्यांचा प्रवास. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. वयात अठरा वर्षांचे अंतर होते. एकीकडे शास्त्र आणि दूरदृष्टी, दुसरीकडे कामाचा अफाट झपाटा. त्यानंतरची अठ्ठावीस वर्षे या दोघी एकत्र राहिल्या.

बोर्डीत पहिला धडा कार्यकर्त्यांनाच मिळाला. बालवाडी उघडली, मुले आली नाहीत. हरिजनवाड्यातल्या आणि मजुरांच्या घरातून आईबाप सकाळीच कामावर जात. मुलाला तयार करून, वेळेवर, गावच्या दुसऱ्या टोकाला पोचवणार कोण? आणि सगळ्या जातींची पोरे एका चटईवर बसवणे हे तेव्हा बोलण्याइतके सोपे नव्हते. ताराबाईंनी उपाय काढला: मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी त्याच्या अंगणात जाईल. तीच ‘अंगणवाडी’.

ती चाले कशी, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळी दोघी-तिघी कार्यकर्त्या वस्तीवर पोचत. पहिले काम झाडू मारण्याचे. एखाद्याचे अंगण स्वच्छ झाले, सडा पडला की आजूबाजूची पोरे आपसूक गोळा होत. मग तोंडे धुणे, नखे काढणे, केसांतल्या गाठी सोडवून तेल लावणे. बसवून शिकवण्याचा भाग त्यानंतर, आणि तोही गाण्या-गोष्टींतून. हे सारे घरच्या बायकांच्या डोळ्यांदेखत चाले. चुलीपाशी बसलेली आजी आधी नुसती बघे, दोन दिवसांनी एखाद्या पोराला ओढून आणून म्हणे, याचे पण डोके करा. तीन दिवसांनी स्वतःच फणी घेऊन बसे. स्वच्छतेवर भाषण देऊन जे साधले नसते ते असे साधले. घरातल्या बायका नकळत शाळेच्या कामकरी झाल्या.

साधनांचा प्रश्नही बोर्डीनेच सोडवला. मॉन्टेसरीचे लाकडी ठोकळे, दट्टे, रंगीत पट्ट्या खेड्याला परवडणाऱ्या नव्हत्या. बोर्डीच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले होते, रानात बिया होत्या, नदीत गोटे, बांधावर वेगवेगळ्या आकारांची पाने. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद शिकायला एवढे पुरते. सुताराकडे आणि कुंभाराकडे करून घेता येईल ते तेथे करून घेतले. विकत आणलेले साधन फुटेल या धास्तीने कपाटात बंद राहते. बिया सांडल्या तर पोर दुसऱ्या गोळा करून आणते. आणि गोळा करताना सोबत आई असते, आजोबा असतात. कोणत्या झाडाची बी कोणती, हे त्यांना शिक्षिकेपेक्षा जास्त ठाऊक असते. साधने जमवण्याच्या निमित्ताने घरातले ज्ञान शाळेत आले. संघाच्या कामातली ही बाजू पुरेशी सांगितली जात नाही.

पैशांची ओढाताण मात्र सदाचीच. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि देशभर बालवाड्यांना अनुदान मिळण्याची वाट उघडली. तोवर आणि त्यानंतरही देणगीदारांच्या आणि अल्प मानधनावर राबणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावरच केंद्र उभे राहिले.

१९५७ ते १९६६ : कोसबाडची टेकडी

बोर्डीत बसून आदिवासींपर्यंत पुरेसे पोचता येत नव्हते. किनाऱ्याच्या चिकूच्या वाड्या ओलांडून पूर्वेला गेले की डोंगर, जंगल आणि वारल्यांचे विखुरलेले पाडे सुरू होतात. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. वीज नाही, पाणी खालून आणायचे, पावसाळ्यात वाट चिखलाची. तेथे दोघींनी नव्याने घर मांडले.

अंगणवाडीचा बोर्डीतला अनुभव पाठीशी होता, पण पाड्यावरच्या घरांची घडण वेगळी होती. वारली घरात सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळते. आई गवत कापायला किंवा दुसऱ्याच्या शेतावर गेली की कडेवर भावंड घेऊन तीच घराची मालकीण. तिला शाळेत ये म्हटले तर भावंडाचे काय? आणि आठ-दहा वर्षांचा मुलगा गुराखी. सकाळी गुरे सुटली की दिवसभर रानात.

या दोन प्रश्नांना कोसबाडने दोन उत्तरे दिली. पहिले विकासवाडीचे. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलगी येताना कडेवरच्या पोराला पाळणाघरात ठेवते, मधल्याला बालवाडीत सोडते आणि स्वतः वर्गात बसते. मध्येच उठून तान्ह्याकडे जाऊन येते. शाळेच्या दृष्टीने ती गैरहजर धरली जात नाही. पाळणाघराला संघाने शाळेचाच एक वर्ग मानले. आज हे साधे वाटेल. पण मुलगी शाळा सोडते ती बुद्धी कमी म्हणून सोडत नाही, घरच्या कामात अडकते म्हणून सोडते, हे ओळखून शाळेची इमारतच तशी बेतणे ही त्या काळातली फार मोठी गोष्ट होती.

दुसरे उत्तर कुरणशाळेचे. गुराखी पोरे शाळेत येत नाहीत, तर शिक्षकाने कुरणात जावे. खांद्याला पिशवी, तिच्यात पाटी-खडू, चित्रे, एखादे पुस्तक. गुरे पांगली की झाडाखाली पोरे जमत. गणिताला गुरांचीच खिल्लारे: कोणाच्या किती, पाण्यावरून किती परत आली, किती राहिली. भूगोलाला समोरचे डोंगर आणि खालचा ओढा. एखादे वासरू बांध ओलांडून कोणाच्या शेतात शिरले की अर्धा वर्ग त्याच्यामागे धावे आणि धडा तेवढा वेळ थांबे. शिक्षकाला तो थांबवताही यावा लागे. अशा वर्गात शिकवणे कौलाखाली बसून शिकवण्यापेक्षा किती अवघड, हे शिक्षक असणाऱ्या वाचकांना सांगायला नको.

जोडीला रात्रीचे वर्ग होते. दिवसा रानात असणारे मोठे मुलगे कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवत. दिवाळी-होळीच्या दिवसांत टेकडीवर मेळावे होत, तारप्याच्या तालावर नाच होई आणि पाड्यावरची सगळी घरे शाळेच्या आवारात येत. भगताच्या मंतरण्यावर विश्वास ठेवणाऱ्या आईला डॉक्टरकडे नेण्याची संधीही अशाच ओळखीतून मिळे. कोणाच्या घरी कोण आजारी, कोणाची गाय व्याली, कोणाला सावकाराने गाठले, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असे. मूल दोन दिवस आले नाही की तिसऱ्या दिवशी कोणी तरी पाड्यावर जाई. संघाचा पालकसंपर्क याहून वेगळा कधी नव्हता.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास, पन्नाशी ओलांडून अनुताई बी.ए. झाल्या; कोसबाडचा सगळा व्याप सांभाळून त्यांनी ही परीक्षा दिली.

१९६७ ते १९७६ : ताराबाई जातात, अंगणवाडी देशभर होते

या दशकात कोसबाड पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी, सरकारी अधिकारी, परदेशी अभ्यासक येत. बालशिक्षिका तयार करणारे वर्ग टेकडीवर चालत होते. शिक्षण घेणाऱ्या मुलींनी पाड्यावर जायचे, घरच्या बायकांशी बोलायचे, चुलीजवळ बसायचे, हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. अंगण झाडायला लाजणारी मुलगी बालवाडी चालवू शकणार नाही, हे येथे पहिल्याच आठवड्यात कळे.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. जवळपास अर्धशतक त्या संघाच्या केंद्रस्थानी होत्या. संघातल्या प्रत्येक बदलावर सगळ्यांचे एकमत होते असे नाही. पण त्यांच्यानंतर काम एक दिवसही थांबले नाही, याचे श्रेय त्यांनी घडवलेल्या माणसांना आहे.

बालशिक्षणाचा प्रश्न याच वर्षांत राष्ट्रीय पातळीवर गंभीरपणे घेतला जात होता. मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या अभ्यासगटाने १९७२ मध्ये शाळेआधीच्या वयातल्या मुलांच्या विकासावर अहवाल दिला. आहार, आरोग्य आणि शिक्षण यांचा एकत्र विचार व्हावा ही दिशा ठरत गेली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. बोर्डीच्या वस्तीत तीस वर्षांपूर्वी रुजलेला शब्द देशाच्या सरकारी कागदावर आला. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. तमिळ, आसामी, पंजाबी खेड्यातली आईसुद्धा हाच शब्द उच्चारते. आपली कल्पना दूरवर पसरल्याचा आनंद ताराबाईंना दोन वर्षांनी हुकला, याची हळहळ संघातल्या जुन्या माणसांना कायम राहिली.

नाव घेतले तेवढा आशयही घेतला गेला का, हा प्रश्न येथे विचारायलाच हवा. मूळ अंगणवाडीत गाणे, खेळ, हाताने करून पाहणे आणि घरच्या बायकांचा सहभाग हा गाभा होता. योजनेचा भर सुरुवातीच्या काळात आहार आणि लसीकरणावर राहिला. भुकेल्या मुलांच्या देशात ते समजण्यासारखे होते, पण बालशिक्षणाची बाजू लंगडी राहिली. ती सावरण्यासाठी कार्यकर्तींना शिकवण्याचे काम संघ आणि संघाच्या मुशीतून निघालेल्या संस्था पुढे करत राहिल्या.

१९७७ ते १९९२ : अनुताईंची वर्षे

अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले आणि त्याचा परीघ वाढवला. बाईची स्थिती सुधारल्याशिवाय मूल शिकणार नाही, हे त्यांना रोजच्या अनुभवातून पटले होते. दारू, कर्ज, भुताळी ठरवून होणारा छळ, यांच्याशी त्यांनी बायकांना सोबत घेऊन झुंज दिली. स्त्रीशक्ती जागृती समिती काढली, स्त्रियांसाठी ‘सावित्री’ हे मासिक चालवले. पुष्कळ लिहिले. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे आत्मकथन मराठी घराघरांत पोचले आणि त्यातून अनेक तरुण-तरुणी टेकडीकडे वळल्या.

१९८२ मध्ये अनुताई आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था स्थापन केली. डहाणू तालुक्यात दाभोण आणि ऐने येथे तिने आदिवासी मुलांसाठी कृतीतून शिकवणाऱ्या शाळा उभ्या केल्या. संघाच्या झाडाची ही फांदी आता स्वतंत्र झाड आहे. मूळ कल्पना एकाच संस्थेच्या ताब्यात राहू नये, ती दुसऱ्यांनी आपल्या पद्धतीने वाढवावी, हा मोकळेपणा संघाने दाखवला.

अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री आणि १९८५ मध्ये जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. सन्मान टेकडीचा आहे असे त्या मानत, आणि पुरस्काराच्या रकमा कामातच जात.

२७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई कोसबाडलाच गेल्या. त्याच वर्षी शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे कुपोषणाने झालेले बालमृत्यू महाराष्ट्राला हादरवून गेले. पाड्यावरच्या घरापर्यंत नियमाने जाणारी माणसे का हवीत, याचा इतका कठोर पुरावा दुसरा नसेल.

१९९३ ते २०२६ : तिसऱ्या पिढीच्या हाती

दोन्ही आधारस्तंभ नसताना संस्था कशी चालेल, ही चिंता अनेकांनी बोलून दाखवली होती. शिक्षक, सेविका, स्वयंपाकीण, लिपिक, विश्वस्त आणि देणगीदार यांनी मिळून ती पेलली. त्यांची नावे एका लेखात मावणारी नाहीत. वीस-पंचवीस वर्षे पायी पाडे हिंडलेल्या सेविकांचा उल्लेख मात्र स्वतंत्रपणे व्हायला हवा, कारण पुरस्कारांच्या यादीत त्यांच्यापैकी कोणाचेही नाव नाही.

याच काळात संघाने जे आधी करून दाखवले होते, ते एकेक करून कायद्यात आणि योजनांत येत गेले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण मुख्य प्रवाहात घेतले. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. पहिलीत येणारे मूल आईचा हात धरून येते, एकेका टेबलावर रंग ओळखते, उड्या मारते, वस्तू मोजते आणि आईला घरी काय करून घ्यायचे ते कागदावर मिळते. गावोगावी मातांचे गट तयार झाले आहेत. केंद्राच्या नव्या योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघरे निघत आहेत. विकासवाडीच्या आवारात साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कडेवरचे पोर पाळणाघरात ठेवून वर्गात बसणारी वारली मुलगी ज्यांना आठवते, त्यांना या योजनेत ओळखीचे काही दिसेल.

डहाणूही आता पूर्वीचे राहिलेले नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. पाड्यांवर रस्ते आले, हातात मोबाइल आले, घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रे जगभर नेली. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती चित्रे बालवाडीत आजही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत आवडते साधन आहे. पालकांच्या अपेक्षा बदलल्या आहेत. आजची आदिवासी आई मुलाला इंग्रजी यावे म्हणते, शेजारच्या गावातल्या इंग्रजी शाळेची गाडी दारात यावी म्हणते. तिला दोष देण्याचे कारण नाही. मुलाच्या बोलीतून सुरुवात केली तर पुढची प्रत्येक भाषा सोपी जाते, हे तिला पटवणे हे आता पालकसभेतले मोठे काम झाले आहे. पटवायचे तर करून दाखवावे लागते. म्हणून वर्गाचे दार पालकांना उघडे ठेवणे, मुलाने केलेले काम त्याच्याच तोंडून आईला ऐकवणे, ही दादरच्या शिशुविहारातली जुनी रीत येथे पुन्हा उपयोगी पडते.

एक काम मात्र शंभर वर्षांनंतरही पुरे झालेले नाही. भाताची कापणी झाली, दिवाळी सरली की या भागातली असंख्य कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाप माती कालवतो, आई विटा वाहते. मुले भट्टीच्या कडेला, ताडपत्रीच्या झोपडीत. नोव्हेंबरात वर्गात असलेले मूल जूनमध्ये परत येते तेव्हा बाराखडी विसरलेले असते. काही परत येतच नाहीत. भट्टीजवळ हंगामी वर्ग, जाणाऱ्या कुटुंबाच्या हातात मुलाच्या प्रगतीचा कागद, मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, असे प्रयत्न सरकार आणि अनेक संस्था करत आल्या आहेत. पण भट्टी हलली की वर्ग तुटतो. अंगण, कुरण, पाळणाघर यांच्यापुढची ही वस्ती आहे. तेथे टिकेल अशी शाळा कशी असावी, याचा आराखडा शंभराव्या वर्षात संघाच्या कार्यकर्त्यांनी सर्वांत आधी हाती घ्यायला हवा. बोर्डीच्या हरिजनवाड्यात १९४५ साली पहिला झाडू मारला गेला, तेव्हाही तयार आराखडा कोणाकडे नव्हता.